सर्व्हरला मी घातलेलं कुलूप

हे ऐकून तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा, मागच्या वेळी माझ्या सोफ्यावर सांडलात.

मला कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही. आमच्या सरकारी कचेरीत पहिलं मशीन आलं, तेव्हा साहेबांनी त्याला नव्या सुनेसारखं झाकून ठेवलं होतं. मी टायपिस्ट. जेवणाच्या सुट्टीत ते आवरण काढायचे आणि शिकायचे. निवृत्त झाले, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडलं, नोएडाला फ्लॅट घेतला. समोर नुसते खड्डे आणि क्रेन. लोक मॉल बघायला जायचे. मी सर्व्हर घेतला.

सर्व्हर म्हणजे काय? दूर परदेशात कुठेतरी दिवसरात्र चालू असलेला एक भाड्याचा कॉम्प्युटर. मी इथे मटार सोलता सोलता दोन शब्द टाइप करायचे आणि समुद्रापलीकडे तो ताबडतोब कामाला लागायचा. मला याचं अजून नवल वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर तुमचंच काहीतरी चुकतंय.

त्यावर मी आमच्या महिला मंडळाचे उखाणे ठेवले होते. वीस वर्षं टेपवर घेतलेले. त्यात माझी क्वार्टरमधली शेजारीण कुसुम होती. ती गेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सर्व्हर आहे म्हणून मी कॅसेटी टाकून दिल्या. होय, टाकून दिल्या. लगेच तोंडं वाकडी करू नका, पुढे ऐका.

हा सर्व्हर मी वर्षातून एकदा उघडायचे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. त्या वर्षी कुसुमची मुलगी मीरा नागपूरहून येणार होती. फोनवर म्हणाली, "मावशी, आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही गं. तुझ्याकडे आहे ना नक्की?"

"आहे म्हणजे? अगदी बंदोबस्तात आहे," मी म्हटलं.

आठवडाभर आधी मी सर्व्हर उघडला. समोर ओळ आली: तुम्ही मागे आलात तेव्हापासून हजारो जणांनी आत यायचा प्रयत्न केला, आणि त्यांना येता आलं नाही. मी थक्क झाले. यादी काढली, तर चीन, ब्राझील, रशिया. नावं पाहिली: ॲडमिन, टेस्ट, मारिया. कोण कुठली मारिया, आमचे उखाणे ऐकायला येते आणि दारातून परत जाते? माझ्या अंगावर काटा आला हो. मंडळाच्या सगळ्या बायकांना मी फोन करून सांगितलं की आपण जगभर पोचलो.

हळदीकुंकवाला आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवतात का? मी पाहुण्यांसाठी वेगळं खातं उघडायला घेतलं. नाव गेस्ट, पासवर्डही गेस्ट, म्हणजे कुणाची अडचण नको. एंटर दाबणार, एवढ्यात खालच्या मजल्यावरचे सुभेदार शिंदे गावाहून आलेला तिळगूळ द्यायला आले. मूळचे साताऱ्याचे, सगळी नोकरी लष्कराच्या सिग्नल दलात, संदेशयंत्रणा सांभाळण्यात. त्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला.

"वहिनी, हे पाहुणे नाहीत."

"मग कोण आहेत?"

"चोर. मशीनं आहेत ही. जगातल्या प्रत्येक दाराला किल्ल्या लावून बघत फिरतात."

"मारियासुद्धा?"

"मारिया तर नक्कीच."

  खरं सांगू? राग आला, पण आदरही वाटला. न थकता, न जेवता, वर्षभर एका म्हातारीचं दार वाजवायचं. आमच्या कचेरीत अशी दोन माणसं असती, तर देशाचं भलं झालं असतं.

मग मी कामाला लागले. दोन दिवस वाचलं आणि फायरवॉल लावली, म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याला हुकूम दिला: कुणालाही आत सोडायचं नाही. त्यावरची मंडळाची वेबसाइटही बंद. फक्त माझ्या घरच्या इंटरनेटचा हा नंबर, हा आला तरच दार उघड. आणि कोण कोण येऊन गेलं ते वहीत लिही.

सुभेदार म्हणाले, "वहिनी, एक विचारू का?"

"नका विचारू. उत्तम झालंय."

संक्रांतीच्या दिवशी सुभेदार मराठी मंडळाच्या बसने पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला गेले. दुपारी लाइट गेली, तासाभराने आली. तीन वाजता म्हटलं, कुसुमचा उखाणा काढून ठेवू, उद्या मीरा येईल. सर्व्हर उत्तरच देईना. पुन्हा केलं. पुन्हा. नुसता शुकशुकाट. वेबसाइटही उघडेना. पाच वाजेपर्यंत मी त्याला हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. माझी खात्री झाली की चोरांनी डाव साधला. कुसुम गेली, आणि या वेळी मीच घालवली. त्या टाकलेल्या कॅसेटी डोळ्यासमोरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं, मीरा माझ्या शेजारी, आणि तिला सांगायचं धाडस मला होईना. शेवटी सुभेदारांना वर बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "सर्व्हरवाल्या कंपनीच्या साइटवरून मागचं दार असतं, वहिनी. तिथून जा." गेले. सर्व्हर जिवंत होता, सगळं जागच्या जागी. लगेच माझा तोरा परत आला. पहारेकऱ्याची वही उघडली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

"बघा, सगळ्यात चिवट चोर कुठला? चीनचा नाही. हा नंबर आपल्या नोएडातला! काल सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, दर मिनिटाला धडक. याच्या घरचे याला काही बोलत नाहीत का? मीरा, घे तो फोन, पोलिसांना सांगू."

"वहिनी," सुभेदार म्हणाले, "ही वेळ सर्व्हरची आहे. आपली काढायची तर साडेपाच तास मिळवा."

मी मिळवले. दुपारी तीन ते पाच.

"मध्ये वीस मिनिटं थांबलाय बघा. पावणेचार ते चार वाजून पाच. तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"चहा घेत होते."

"तोही घेत असणार."

कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, "पण हा माझा नंबर नाही."

"कालपासून आहे. लाइट गेली की इंटरनेटची कंपनी नवा देते. त्या दिवशी मी हेच विचारणार होतो."

आता मला सांगा, माझं काय चुकलं? मी आठ वर्षं नंबर लावून घरी टेलिफोन घेतलेली बाई. तेव्हा एकदा मिळालेला नंबर माणूस मरेपर्यंत बदलत नसे. लाइट गेली म्हणून नंबर बदलतो, हे कुणाच्या स्वप्नात येईल?

असो. पहारेकऱ्याला नवा नंबर सांगितला, दार उघडलं. मीराने माझा हात घट्ट धरला. मी कुसुमची फाइल लावली. आधी खरखर झाली, बांगड्या वाजल्या, आणि मग समुद्रापलीकडून कुसुम माझ्या बैठकीत आली. मीराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. 

पण कुसुमने लगेच उखाणा घेतला नव्हता. आधी तिने विचारलं होतं, "सुशीला, हे मशीन तुला नक्की कळतं ना गं?"

आणि त्यावर माझा आवाज, खणखणीत, भरलेल्या घरात सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"मला सगळं कळतं. तू फक्त बोल."