विसरलेली काच

माझ्या सासऱ्यांच्या मते या जगात काहीच बिघडत नाही. वस्तू, झाडं आणि माणसं फक्त विसरतात, आणि विसरलेल्याला धीराने आठवण करून द्यायची असते. मसुऱ्याच्या प्राथमिक शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग घेतल्यावर माणसाचं असं काहीतरी होणारच. अंगणातल्या हापूसच्या कलमाने मोहोर धरणं सोडलं, तेव्हा सगळ्यांनी ते तोडायला सांगितलं. यांनी त्याच्याखाली खुर्ची टाकली आणि रोज सकाळी त्याला पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला पेटीभर आंबे आले. "आठावला त्येका," एवढंच ते म्हणाले. टेबलफॅन अडला की त्याचं पातं बोटाने हळूहळू फिरवत त्याच्याशी बोलत बसायचे. पंखा चालू व्हायचाही. आम्ही कोणी बघत असलो की मात्र हटकून अडायचा.

दोन हजार सातच्या सुमारास त्यांनी गोव्याकडची एक जुनी गाडी घेतली. बटण नुसतं ओढलं की काच आपोआप वर जायची, याचं त्यांना फार अप्रूप होतं. त्याच हिवाळ्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुडाळला ठरलं आणि मी रजा काढून कोल्हापूरहून मदतीला आलो. नेमकी आदल्या दिवशी गाडीची बॅटरी बसली. ऑपरेशनच्या सकाळी नवी बॅटरी घातली, गाडी सुरूही झाली. पण ड्रायव्हरच्या बाजूची काच वर जाऊन टोकाला टेकली, की पुन्हा अर्ध्यावर खाली यायची. परत येताना सासूबाईंच्या डोळ्याला पट्टी असणार, वारा आणि धूळ अजिबात लागू द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि आमच्या रस्त्याची लाल धूळ तर बंद पेटीतही शिरते. गॅरेजवाला जत्रेला गेलेला.

"मोटर गेली असेल," मी म्हटलं. "तात्पुरतं प्लास्टिक चिकटवू या."

"मोटर गेली आसती तर वर तरी कशी इली आसती?" सासरे म्हणाले. "बॅटरी काढली तशी घड्याळातली वेळ गेली, रेडिओची स्टेशना गेली. तशीच हीपण इसारली. खंय थांबाचा ता तिका ठावक नाय. शिकवूक व्हया."

ते सीटवर बसले. काच पार खाली नेली, मग बटण वर ओढून धरलं. काच टोकाला टेकली, त्यांनी बोट काढलं आणि ती परत खाली आली. पुन्हा नेली. मध्येच बोट निसटलं की ती थांबायची आणि हे पहिल्यापासून सुरू करायचे, अ गिरवून घ्यावा तसे. ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या काचेचा शिक्षण झाला, की मी रिक्षान जाव?"

"पयलीत कोण एका दिवसात शिकता?" त्यांनी तितक्याच शांतपणे उत्तर दिलं आणि बटण तसंच धरून सासूबाईंशी बोलत राहिले: डबा भरला का, फाईल घेतली का, शाल कुठली घेणार. काच टोकाला टेकली होती, तरी बोलण्याच्या नादात त्यांनी बटण सोडलं नाही. कुठेतरी टिक् झालं. त्यांनी बोट काढलं. काच वरच राहिली. खाली नेऊन नुसतं बटण ओढलं, तर ती आपली आपण वर गेली आणि शहाण्यासारखी थांबली.

मला वाटलं, आता दिवसभर ऐकून घ्यावं लागणार. ते फक्त काचेला म्हणाले, "बरां झाला," आणि आंघोळीला गेले.

ऑपरेशन नीट झालं. येताना सगळ्या काचा बंद करून आम्ही इतके सावकाश आलो, की सायकलवाले मागे वळून बघत पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला पुन्हा कुडाळला गेलो. नर्सने पट्टी सोडवली. सासूबाईंनी दोनदा डोळा मिटला, उघडला आणि समोर उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"केस इतके कधी पिकले?"

"तुका दिसा नाय, मगे रंगवून कोणाक दाखवतलंय?"

त्या उठल्या. सासऱ्यांच्या शर्टाची बटणं एक काज सोडून चुकीची लागलेली होती. सकाळपासून ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंनी वरपासून एकेक बटण काढलं आणि पुन्हा नीट लावायला घेतलं. दवाखाना माणसांनी भरलेला होता. सगळ्या जगाला शिकवणारे आमचे मास्तर हनुवटी वर करून, हात बाजूला सोडून, शेवटचं बटण लागेपर्यंत उभे राहिले.