एकोणीस चादरी

पडदा वर जातो तेव्हा समोर एकोणीस प्रेतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा लांबट हॉल, खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन, आणि फरशीवर डोक्यापासून पायांपर्यंत ओढलेल्या पांढऱ्या चादरी. मधोमध लाकडी तलवार टेकवून एक सत्तरीचा माणूस धापा टाकतोय. घाबरू नका, मंडळी. ही सहा ते दहा वर्षांची पोरं आहेत, आणि हा त्यांचा योगाचा वर्ग.

तलवारमास्तर आमच्या नाटक कंपनीत लढाया बसवायचा. पंचवीस वर्षं त्याने मला प्रत्येक प्रयोगात ठार मारलं. पोटात, पाठीत, एकदा तर कड्यावरून ढकलून. अंगावर ओरखडा उठला नाही. पुढे कंपनी बुडाली, त्याची पाठ धरली. पाठीसाठी तो योग शिकला आणि मग पोरांना शिकवू लागला. ‘मन शांत करा’ म्हटलं की पोरं चुळबुळणार, म्हणून त्याने युद्धच बसवलं. भुजंगासनात नाग फुत्कारायचे, सिंह जीभ काढून गर्जायचे, धनुरासनात धनुष्यं ताणली जायची, आणि मी कोपऱ्यात पत्रा हलवून गडगडाट करायचो. शेवटी मास्तर तलवार घेऊन सगळ्यांना कापत सुटायचा.

“ए ढेरपोट्या, दोनदा मारलं तुला. मर की लेका!”

पोरगं पडलं की अंगावर चादर. हे आमचं शवासन. नियम एकच: काहीही होवो, मास्तर ‘उठा’ म्हणेपर्यंत मेलेल्याने हलायचं नाही.

त्या दुपारी सगळे मेले होते आणि दार लाथेने उघडलं. चिमणीचा बाप. चिमणी आमच्यातली सर्वांत लहान. त्याने पोरीचा हात मोडला तेव्हा आई तिला घेऊन इथे आपल्या बहिणीकडे राहायला आली होती. आता त्याने पत्ता काढला होता, आणि दुकानासमोरचा हवा भरायचा लोखंडी पंप हातात घेतला होता.

“माझी पोरगी दे. घेऊन चाललोय.”

मास्तरने चादरींकडे एक नजर टाकली. “ओळखा की. तुमचीच आहे ना?”

एकोणीस चादरी, सगळ्या सारख्या. बाप क्षणभर गोंधळला, मग त्याने पंप फिरवला. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला कोपऱ्यात ऐकू आला.

“बोल, थेरड्या!”

दुसरा तोंडावर. दात फरशीवर घरंगळले. एका चादरीखालून खुदकन हसू आलं.

“श्शू! मेलोय ना आपण?” शेजारची चादर कुजबुजली.

पोरांना वाटलं, लढाई अजून चालूच आहे! मास्तरनेही ते ओळखलं. तो किंचाळला असता तर सगळी उठून बसली असती, चिमणीसुद्धा. रक्त थुंकून तो खास रंगमंचावरच्या आवाजात गरजला, “वा रे वीरा! एवढाच जोर?” आयुष्यभर त्याने आम्हाला न लागता विव्हळायला शिकवलं होतं.

बापाने पहिली चादर ओढली. ढेरपोट्या, डोळे घट्ट मिटलेले. दुसरी ओढली. मास्तर सरपटत गेला आणि त्याच्या पायाला मिठी मारून बसला. फासळ्यांवर पंप पडत राहिला. माझे गुडघे म्हातारपणाने कधीचेच कामातून गेलेले. भिंत धरत मी जिना उतरलो आणि सायकलवाल्याला वर धाडलं. त्याने मनगटावर पाना हाणला तेव्हा बापाचा हात पाचव्या चादरीवर होता. चिमणी सहावी होती.

मास्तरला बोलवेना. ‘उठा’ मी म्हणालो, आणि पोरांना डोळे मिटलेलेच ठेवायला सांगून मागच्या जिन्याने खाली नेलं.

फासळी फुप्फुसात घुसली होती. तिसऱ्या दिवशी चिमणी दवाखान्यात आली. कॉटच्या दांडीला धरून उभी राहिली.

“मला बाबांचा आवाज कळला होता,” ती म्हणाली. “तरी मी उठले नाही. मी उठायला हवं होतं ना?”

डॉक्टरांनी मास्तरला बोलायला बंदी केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याआधी जे बोलला ते एवढंच:

“वेडी का काय! तू उठली असतीस तर मी खाल्लेला मार फुकट गेला असता की. जा, आई बाहेर थांबलीय.”