नारूचा पाय

आमच्या किन्हीराजातल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका खाजगी संस्थेत मी सार्वजनिक आरोग्य शिकत होते. ते काय असतं, हे बाला समजावताना माझी दमछाक व्हायची.

"लोक आजारीच पडू नये, त्याच्यासाठी काय करा लागते, ते शिकून राह्यली."

"मंग कोनी आजारी पडलंच नाही, तर तू काही केलं हे कोनाले समजन?" बा विचारायचा.

दुसऱ्या वर्षी आम्हाला महिनाभर खेड्यात पाठवलं. रिठदच्या पलीकडची एक वस्ती माझ्या वाट्याला आली. साठ घरांत जाऊन पाण्याची, आजारांची माहिती लिहायची होती. पहिल्याच सकाळी पायऱ्यांच्या विहिरीत एक म्हातारा पाय बुडवून बसलेला दिसला. घोट्याजवळच्या फोडातून नारूचा, म्हणजे कातडीखाली वाढणाऱ्या लांब जंताचा, पांढरा धागा लोंबत होता.

"काका, पाय बाहेर काढा. हे पानी सारे पितात. नारू याच्यातूनच पसरते."

"आग होते वं, पोरी. इथंच थोडं बरं वाटते."

त्याला हाताला धरून घरी नेलं. त्याच्या बायकोला म्हटलं, "काकू, पाय घमेल्यात बुडवू द्या, अन् ते पानी विहिरीपासून दूर, कोरड्या जागी फेका. प्याचं पानी दुहेरी कपड्यातून गाळा." तिनं मला न्याहाळलं. "कोनाची वं तू?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध, हेही सांगितलं. म्हाताऱ्यानं पाय मागे ओढला. मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला, "पोरी, लेकीनं बापाच्या पायाले हात लावू नये. पाप लागते मले."

"मी शिकाले आली, काका. तुमाले नाही लागत पाप."

तो हसला आणि पाय पुढे केला.

नारू ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून मी तो काडीला गुंडाळून रोज दोन बोटं बाहेर काढायचे, फार तर तीन. तेवढ्या वेळात म्हातारा डोळे मिटून मला तुरीची पेरणी शिकवायचा. एकोणिसाव्या दिवशी नारूच्या शेपटाचं टोक बाहेर आलं. काकूनं पदर डोळ्याला लावला. म्हाताऱ्यानं पाय जमिनीवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

त्या दिवशी वही उघडली, तर साठपैकी अकराच घरं झालेली. नापास होणार म्हणून मी तिथंच ओसरीवर रडायला लागले.

"काहून रडून राह्यली वं?"

सांगितलं. काकूनं जुनं लुगडं फाडून त्याचे तुकडे केले, खांद्यावर टाकले. "चाल."

दारोदार तीच पुढे. "पोरीले काय पुसाचं ते पुसू द्या. अन् हा कपडा घ्या, दुहेरी करा, पानी गाळूनच प्या. माह्या मान्साचा पाय पाह्यला नं?" मी नुसती लिहीत गेले. जी दारं मला पाहून लोटली जायची, ती उघडली. शेवटच्या घरी पोचलो, तेव्हा लुगड्याचा काठच तेवढा उरला होता.