निजामपुऱ्यात प्राजक्ताचा सडा

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. ही फजिती मी एकटीनं, कुणाचीही मदत न घेता केलेली आहे!

माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. माझी भावजय मनीषा एवढंच म्हणाली, "वन्सं, वर्गात दुसरी कुणी नसेल असं नाव शोधा. आमच्या वर्गात चार मनीषा होत्या. बाई मला खिडकीजवळची मनीषा म्हणायच्या. जागा बदलली की मला नावच उरायचं नाही."

मी लगेच शब्द दिला. मनात नाव तयारच होतं, प्राजक्ता! आता पुण्याकडे एके काळी घरटी एक प्राजक्ता होती, हे मलाही ठाऊक आहे. पण आपल्या बडोद्यात, आणि तेही आत्ताच्या लेकरांत? तरी खात्री नको का करायला? मनीषाचे आईवडील नागपूरहून यायचे म्हणून बारसं सव्वा महिन्यानं ठरलं होतं. वेळच वेळ होता.

घरच्यांना नाव बारशापर्यंत सांगायचं नव्हतं. बाहेरच्यांना विचारायला काय हरकत?

निजामपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हंसाबेनना गाठलं. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तुमच्या ओळखीत कुणी प्राजक्ता आहे का, विचारलं. नाही म्हणाल्या, पण हे नाव कशावरून, असं त्यांनी विचारलं. झालं, मला तेवढंच हवं असतं! समुद्रमंथनातून निघालेला पारिजातक, इंद्राची बाग, सत्यभामेचा हट्ट, मग कृष्णानं ते झाड द्वारकेला आणलं, त्याचं हे फूल... सगळं साग्रसंगीत सांगितलं. हंसाबेनचे डोळे भरून आले. "द्वारका एटले आपणुं ज ने," म्हणाल्या, म्हणजे द्वारका तर आपलीच की!

मग त्यांनी मला त्यांच्या भजन मंडळात नेलं. तिथेही मी तेच सांगितलं, जरा जास्तच रंगवून. दांडिया बाजारातल्या दुकानांतही विचारून आले. कुणाच्याच ओळखीत प्राजक्ता नव्हती. मी घरी येऊन स्वतःच्या हातानं शिरा करून खाल्ला, इतकी खूश!

बारशाच्या दिवशी हंसाबेन नातीला दुपट्यात गुंडाळून घेऊन आल्या. मनीषानं कौतुकानं नाव विचारलं.

"प्राजक्ता," हंसाबेन म्हणाल्या.

त्यांच्यामागून भजन मंडळातल्या कोकिलाबेन म्हणाल्या की आमच्या नातीचंही तेच. आणि मंडळातल्याच आणखी एकीच्या भाचीची मुलगी हालोलला असते, तीही प्राजक्ता!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपलं बारसं बाराव्या दिवशी, आमचं तर सव्वा महिन्यानं. त्यांची छठ्ठी सहाव्या दिवशी, आणि फोई, म्हणजे त्यांची आत्या, नाव ठेवून मोकळी! जन्म बडोद्यात गेला माझा, शेकड्यानं छठ्ठ्या जेवले असेन. पण साधं लक्षात राहू नये?

"वन्सं, आपलं काय ठरलंय?" मनीषानं विचारलं.

मी पाळण्यावर वाकून झालर सारखी करायला लागले. मनीषानं माझ्याकडे बघितलं, हंसाबेनकडे बघितलं, आणि काय ते समजली. पोरीचा चेहरा एवढासा झाला हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतःच बाळाच्या कानात नाव सांगितलं. कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत. ते मात्र सगळ्यांनी मलाच घातले. मनीषाच्या आईचा हात चांगलाच जड आहे.

नाव मोठ्यानं काही तिनं सांगितलं नाही. सगळ्यांना घुगऱ्या मिळाल्या, नाव मिळालं नाही. संध्याकाळी मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "जन्मदाखला हातात येऊ दे, मग सांगते."

दाखला आला. आधी मला देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली, मग कागद दाखवला. फुलाचंच नाव आहे, आणि इतकं गोड, इतकं वेगळं, की तुम्हाला काय सांगू! ऐकायचंय? सांगते की. पण आधी एक सांगा, तुमच्या सुनेला कितवा महिना चाललाय?