नळी कुठं पोचली?

सोलापुरात नवजात बाळांच्या आयसीयूत डॉक्टर म्हणून नोकरी करताना एक कळलं. फाईलमध्ये बाळाचं वजन, औषधं, शू-शी सगळं लिहितात. लोक काय बोलले, त्याला रकाना नाही. मग ते माझ्याच डोक्यात साठत जातं!

*

आजारी बाळाच्या नाळेतून बारीक नळी आत घालतात. टोक हृदयाच्या अलीकडं थांबायला हवं. पूर्वी फक्त एक्स-रे काढून बघायचो. मग बाळापाशीच आणता येणारं सोनोग्राफी मशीन आलं. मोठ्या सरांना पटेना. "हे सिनेमे मला दाखवू नका!"

एकदा एक्स-रे बघून सर "परफेक्ट" म्हणाले. मी पडद्यावर दाखवलं, टोक थेट हृदयात शिरलेलं! सरांनी स्वतःच नळी जराशी मागं घेतली आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, "मी मघापासून तेच सांगतोय!"

*

माझ्या पहिल्या सोनोग्राफीला मी घाईत थंडगार जेल बाळाच्या पोटावर ओतलं. बाळ किंचाळलं. विजया सिस्टरांनी शांतपणे तेच जेल माझ्या मनगटावर ओतलं. मीही किंचाळले!

"तुम्ही पंचावन्न किलोच्या," सिस्टर म्हणाल्या, "ते सव्वा किलोचं!"

*

मशीनबरोबर कायद्यानं पाटीही आली : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' जन्मलेल्या बाळांच्या खोलीत!

श्रीपूरहून एक बाप आला. बाळाला धाप लागली म्हणून जन्मताच आमच्याकडं हलवलेलं. मुलगा की मुलगी, गडबडीत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं पाटी दोनदा वाचली.

"मॅडम, कायद्यात बसत नसंल तर ऱ्हाऊ द्या. पर नाव कसलं शोधायचं, तेवढं तरी सांगा की!"

*

वळसंगच्या एका आजीला पडद्यावर नातीचं हृदय दाखवलं. झडपा भराभर उघडत-मिटत होत्या. आजीनं सुनेकडं बघितलं.

"तोंड कसं चालवतंय बघा. आईवरच गेलंय!"

*

उजनीकाठच्या गावातलं एक बाळ आलं. साखर घसरलेली, अंग लुळं पडलेलं. हाताची शीर सापडेना, म्हणून नाळेतून नळी घातली. पडद्यावर बघते तर ती यकृताकडं वळलेली. मागं घेतली, पुन्हा घातली. पुन्हा तिकडंच!

बाळाचा बाप सही करायला गाऊन घालून दारात उभा होता. धरणातून शेतापर्यंत पाईपलाईन टाकायचं काम करायचा. पडदा त्याच्याच बाजूला होता.

"कुटं जायला पायजे ती?" त्यानं विचारलं.

"सरळ वर. पण बाजूलाच वळतेय."

"मग ढकलू नका मॅडम. वळणावर अडलीय. लेकराला जरा कुशीवर करा की."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं! सिस्टरांनी बाळाला अलगद उजव्या कुशीवर केलं. नळी सरसर वर गेली आणि टोक बरोबर जागेवर थांबलं. ग्लुकोज सुरू झालं. थोड्या वेळानं बाळानं मूठ आवळली आणि ते रडायला लागलं.

सिस्टरांनी डोळे पुसत बापाला विचारलं, "शिकलाय कितवी हो तुम्ही?"

"सातवी," तो लाजला. "तितं अडलो, पर मला कुणी कुशीवर केलंच न्हाई!"