खांद्याला हात लागला तेव्हा

डिझेल महागलं, तेव्हा चिखलातही सहज ओढली जाईल अशी बैलगाडी बनवायला आमच्या कॉलेजला संशोधनासाठी अनुदान मिळालं. रबरी चाकांची गाडी घेऊन मी कुरुंद्याजवळच्या तांड्यावर पोचलो, तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी. आता परवापर्यंत बैलांवर जू चढवायचं नाही, असं तिथल्या गाडीवानानं सांगितलं. मी भडकलो.

“काहून तापून राहिले, साहेब? या, खांदे मळा,” म्हणत त्यानं हळद-तुपाची वाटी माझ्या हातात दिली.

हात लावताच बैल थरथरला. खांद्यावर घट्टा होता, मधोमध ओली जखम. वर्षभर मी नुसती चाकंच मोजत बसलो होतो!

उरलेल्या अनुदानातून आधी जू बदललं. पुढच्या पोळ्याला त्याच खांद्याला तूप चोळलं. बैल निवांत रवंथ करत राहिला.