चाखूमावशी आणि सांडव्याखालची जागा

चाखूमावशी सोनं जिभेवर ओळखायची. रामकुंडाच्या खालच्या अंगाला सांडव्याचं पाणी पडतं, तिथल्या दगडावर ती पिंढरीभर पाण्यात पाय सोडून बसायची. लाकडी काथवटीत राख-रेती घ्यायची, गोल गोल हेलकावे देत हलकं ते पाण्याबरोबर सोडून द्यायची, आणि तळाला चमचाभर काळी रेती उरली की बोट बुडवून जिभेला लावायची. बघणारे तोंड फिरवायचे, कारण राख कुणाची ते घाटावर कुणाला सांगावं लागत नाही. मेलेल्याच्या तोंडात घरचे सोन्याचा बारका तुकडा ठेवतात. तो अस्थींबरोबर नदीत येतो आणि नदीतून मावशीच्या काथवटीत.

"कसं लागतं गं?" मी एकदा विचारलं.

"माणूस खारट लागतं. सोन्याला चवच नाय. म्हणून तर कळतं."

मी तेव्हा नामपूरहून कॉलेजला म्हणून नाशकात आलेलो आणि पहिल्याच वर्षी गचकलेलो. मामाची घाटावर चहाची गाडी होती, तिथं ग्लास विसळायचो आणि नकला करायचो. पावतीवरून भांडणारे यात्रेकरू, शेंडीला गाठ मारत हिंदी बोलणारे गुरुजी, उसाचा रस मागून लिंबू फुकट पिळून घेणाऱ्या बायका, सगळे मी करायचो. मावशीची नक्कल मात्र करत नव्हतो. कारण ती माझीच करायची. आमच्या बागलाणातली बोली तिनं दोन दिवसांत उचलली होती. माझा आवाज लांबून आला की सुरू, "काय शे रे भाऊ? चहा शे का? नापास शे का?" आणि सगळा घाट हसायचा.

तिचं बोलणं असंच, मिठाचं पाणी मारल्यासारखं. अस्थी घेऊन माणसं आली की ती रडण्यावरून अंदाज बांधायची. "हे लय वरडत्यात. म्हंजी तोंडात काय घातलं नाय," असं म्हणून ती काथवट उलटी घालून खुशाल तंबाखू मळत बसायची. कुणी गुपचूप, ओठ दाबून उभे राहिले तर मात्र पदर खोचायची. "ह्यांनी घातलंय. आता पस्तावा व्हतोय बघ."

आणि ती क्वचितच चुकायची, हे जास्त वाईट.

एक बाई आली होती. आईच्या नाकातली चमकी काढायची राहिली, ती तशीच जळाली आणि राखेत आली, असं तिला घरी गेल्यावर आठवलं होतं. डोळे सुजलेले. "मावशी, खडा गेला असेल तर जाऊ दे, पण तेवढीच एक आठवण होती हो." मावशीनं मान हलवली. "पाणी वढून नेतं बाई. गंगामाईच्या पोटात गेली ती." बाई गेली. मग मावशीनं गालाच्या कोपऱ्यातून चमकीची तार काढली आणि हातावर थुंकली.

मी म्हणालो, "अगं, द्यायची तरी!"

"नदीला दिलं ते नदीचं. आन् नदीत मी बसते."

त्या उन्हाळ्यात कुवेतहून परतलेला एकजण धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. कानाला झाकणं, हातात दांडी, दांडीला ताटली. सगळे झारेकरी, म्हणजे नदीत सोनं धुणारे, काम टाकून भोवती जमले. यंत्र पहिल्या पावलाला वाजलं, खाली खिळा. दुसऱ्या पावलाला वाजलं, दहा पैसे. मग ते थांबेचना, कारण घाटाच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांची नाणी, पत्रे आणि नालच नाल. मावशी दगडावरूनच ओरडली, "अरे, नव्या सुनेसारखं हाय ते! कशालाबी वरडतंय!" तो माणूस संध्याकाळी यंत्र गुंडाळून गेला. जाताना चहाचे पैसे द्यायचे विसरला.

तिची जागा सगळ्यांत चांगली होती. कुंडातून निघालेलं पाणी पहिल्यांदा तिच्याच पायाशी संथ व्हायचं आणि जड ते तिथंच बसायचं. सासूनं मरताना ही जागा तिला दिली. नवरा गेला, मूलबाळ नाही. कळवणला भावाचा मुलगा होता, तो दर दिवाळीला 'आत्या, चल' म्हणायचा. ती जायची नाही. "भाकर हाय तिथं. पण वाढणारी भाचसून हाय."

झारेकऱ्यांचा एक नियम होता, आजही असेल. आपला कण आपणच वेचायचा. सोन्याचा कण नखावरच्या मेणाला चिकटवून उचलतात. दुसऱ्यानं वेचून दिला की चोरी आणि भांडण आलंच, म्हणून ज्याला स्वतः वेचता येत नाही त्यानं जागा सोडायची. ह्यात दयामाया नाही.

आणि मावशीला दिसत नव्हतं.

हे मला कळलं ते चहामुळं. थंडीत एकदा मी तिच्यासमोर ग्लास धरून उभा राहिलो, बोललो नाही. ती समोर बघत होती, ग्लासकडं, माझ्याकडं, आरपार. हात पुढं येईना. मी हळूच ग्लास डावीकडं नेला, उजवीकडं नेला. बुबुळं जागची हलली नाहीत. शेवटी मी म्हणालो, "चहा घे की."

तिनं ग्लास घेतला आणि बराच वेळ फुंकत राहिली. "कळलं का तुला?"

"हो."

"कळलं तर गिळ. नायतर मला कळवणची गाडी बघावी लागंल."

मी गिळलं. चार महिने.

उन्हाळ्यात कुंड उपसून साफ करतात. तो झारेकऱ्यांचा सण. गाळ काढून झाला की सगळे घाटावर बसून भेळ खातात. त्या वर्षी आमच्या गाडीपाशी बसले आणि कुणीतरी म्हणालं, "नामपूर, होऊन जाऊ दे!" मी यात्रेकरू केला, गुरुजी केले, कुवेतवाला केला. माणसं लोळायला लागली. मावशी लांब तिच्या दगडावर होती, तिला ऐकू गेलं नसतं. आणि मला त्या दिवशी एवढं हसू मिळत होतं की थांबवेना.

मी तिची नक्कल केली.

मान तिरकी. हात काथवटीच्या कडेवरून चाचपत. बोट रेतीत, जिभेवर, पुन्हा रेतीत. मग नखावरचं मेण कणाच्या बाजूला टेकवायचं, चुकायचं, परत जिभेला विचारायचं, परत टेकवायचं. सगळं हुबेहूब. आधी हसले. मग एकेक करून हसायचे थांबले. मला वाटलं, नक्कल रंगली. सगळ्या झारेकऱ्यांत वयानं मोठे ते दगडूतात्या. ते धोतर झटकत उठले आणि सरळ मावशीकडं चालायला लागले. तेव्हा मला कळलं, मी काय दाखवून बसलो ते.

आम्ही सगळे मागोमाग. तात्यांनी स्वतःच्या पुडीतला एक कण तिच्या काथवटीत टाकला, वर ओली काळी रेती टाकली आणि हलवली.

"मावशी, वेच."

मावशीनं काथवट मांडीवर घेतली. मेण लावलेलं नख रेतीवरून फिरलं. एकदा, दोनदा. कण तिथंच होता, उन्हात चमकत होता. मला दिसत होता, सगळ्यांना दिसत होता. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिनं ती सगळी रेतीच मुठीत घेतली आणि तोंडात कोंबली. दाताखाली करकर वाजलं. दोन्ही गालांत घोळवून ती काळं पाणी थुंकत राहिली, आणि मग जीभ बाहेर काढली. टोकावर कण.

"तोंडानं नाय," तात्या म्हणाले. "बोटानं. नियम हाय."

मावशीनं जीभ आत घेतली आणि गिळलं.

"तुझाच हाय ना तो? उंद्या सकाळी परसाकडं ये काथवट घेऊन. तुलाच वेचू दे."

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं, म्हणजे नेमकं काय होत होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सांडव्याखाली दगडूतात्यांची सून बसली.

कळवणच्या गाडीवर सोडायला मीच गेलो, दुसरं कुणी आलं नाही. मी बोचकं घेतलं. काथवट तिनं पोटाशी धरली होती, ती देईना. भाच्याच्या अंगणात कांद्याच्या ढिगाशेजारी तिला ती कशाला लागणार होती, कोण जाणे. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण आपल्या आवाजात माफी मागायची सवय नव्हती. ते कुठल्यातरी गुरुजींसारखंच निघालं असतं. मी बोचकं दुसऱ्या हातात घेतलं.

गाडी लागली. कंडक्टरनं तिला दंडाला धरून वर घेतलं. खिडकीत बसल्यावर तिनं माझ्या दिशेला, म्हणजे जरा चुकीच्याच दिशेला, तोंड केलं.

"तात्यानं सांगितलं मला, तू काय काय केलं ते. बाकी बरूबर व्हतं. पण मान येवढी वाकडी नसती रे माझी."

गाडी गेली. मी खोलीवर आलो, दार लावलं आणि आरशासमोर मान जरा सरळ करून पाहिली.

तिचं बरोबर होतं.